बर्फाला हात दाखवताना

नोव्हेंबर मध्यावर आला, दिवाळीच्या चकल्या डब्याच्या तळाशी गेल्या, की आमच्याकडे फोन यायला लागतात. "अहो, ती बर्फाची बॅग तुमच्याकडेच आहे ना? यंदा आम्ही होक्काइदोला चाललोय!" मग आम्ही स्टोअररूममध्ये शिरतो, गणपतीच्या मखराच्या मागून एक चाक मोडलेली निळी बॅग ओढून काढतो, आणि ती पुढच्या घरी रवाना होते.

या बॅगेची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. मंडळातले एक कुटुंब २०१२ साली कायमचे पुण्याला परतले, तेव्हा जाताना ते ही बॅग आमच्या दारात ठेवून गेले. आत चार जाकिटे, लहानमोठ्या विजारी, कानटोप्या आणि आठ-दहा जोड हातमोजे. "पुण्यात आम्हाला काय करायचंय हे? तुम्हीच वापरा नि फिरवा," असे काकू म्हणाल्या. तेव्हापासून ती बेडोक, बुकित बातोक, सेंगकांग, पुंगोल अशी फिरते आहे. प्रत्येक कुटुंब तिच्यात काहीतरी भर घालते आणि काहीतरी हरवते. हरवणारी वस्तू बहुतेक वेळा हातमोजाच असते.

आज लिहायचे आहे ते या हातमोज्यांविषयी. वाचक म्हणतील, विषुववृत्ताला चिकटून राहणाऱ्या माणसांनी हातमोज्यांवर लेख लिहावा, हे म्हणजे कोकणातल्या माणसाने वाळवंटावर लिहिण्यासारखे! बरोबर आहे. पण आम्ही जे शिकलो ते आमच्या मुलीच्या दोन बोटांच्या जिवावर शिकलो.

आपल्या इथल्या मुलांची गंमत अशी की त्यांना थंडी ठाऊक असते ती सिनेमागृहातली आणि एमआरटीतली. सिंगापूरच्या नोंदींतले आजवरचे नीचांकी तापमान १९ अंश सेल्सिअस आहे, आणि तेही १९८९ सालचे. आमची स्वतःची ऐट तरी कसली? निफाडच्या थंडीच्या बातम्या, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचा दरवर्षी पेपरात येणारा फोटो, आणि शाळेच्या सहलीतली माकडटोपी. एवढ्या भांडवलावर आम्ही मुलांना 'थंडी म्हणजे काय ते आम्हाला विचारा' असे सांगत असू. २००० साली जुरॉन्ग ईस्टला सायन्स सेंटरशेजारी स्नो सिटी उघडली, तिथे उणे ५ अंशांत मुलांना ट्यूबवरून घसरवून आणले आणि आमचा आत्मविश्वास आणखी वाढला. पण तिथे तासाभरात बाहेर पडून गरम माइलो पिता येतो. डोंगरावर पाळणा बंद पडला तर कुठला माइलो!

तर डिसेंबर २०१८. नीसेको. थोरला बारा वर्षांचा, धाकटी आठ. न्यू चितोसे विमानतळावरून बसने जाताना खिडकीबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. सायबेरियावरून येणारे कोरडे गार वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतात आणि या डोंगरांवर रिते करतात, म्हणून इथे एका हिवाळ्यात चौदा-पंधरा मीटर बर्फ पडतो. समोर योतेई पर्वत, फुजीचा धाकटा भाऊ शोभेल असा. आम्ही सगळे अगदी हरखून गेलो होतो.

जाकीट, विजार, बूट, हेल्मेट, स्की सगळे तिथे भाड्याने मिळते. हातमोजे आणि गॉगल मात्र बहुतेक ठिकाणी भाड्याने देत नाहीत, ते ज्याचे त्याने आणायचे किंवा तिथल्या दुकानातून डोंगराच्या भावाने विकत घ्यायचे. आम्ही खुशीत होतो, कारण आमच्याकडे बॅग होती! धाकटीला त्यातला गुलाबी जोड अगदी मापात बसला. तळव्याला काळे चामडे लावल्यासारखे, आत मऊ अस्तर, मनगटाला वेलक्रो. दिसायला झकास.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तिचे हातमोजे आतून ओले निघाले. "खेळली ना दिवसभर, घाम असेल," असे म्हणून आम्ही ते हॉटेलच्या हीटरवर वाळत घातले. सकाळी तळव्याच्या काळ्या चामड्याचे पापुद्रे सुटत होते, भाजलेल्या पापडासारखे. आम्ही ते झटकले आणि तेच घालून तिला स्की शाळेच्या रांगेत उभे केले. आज हे लिहितानाही आमची आम्हाला लाज वाटते.

उणे सात-आठ तापमान होते, वारा सुटला होता. दहाच्या सुमाराला ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "आई, बोटं दुखतात." आम्ही म्हटले, "हात हलव, चोळ, थोडं सहन कर बाळा, एवढे पैसे भरलेत." अकराला परत आली. आता ती शांत होती. "आता नाही दुखत," म्हणाली. आम्हाला हायसे वाटले! आणि नेमके तेवढेच शब्द ऐकून तिचा शिक्षक, जो आमचे मराठी अर्थातच समजत नव्हता पण तिचा चेहरा पाहत होता, तो झटकन वळला. "स्टिल पेन?" त्याने विचारले. "नो," ती म्हणाली. त्याने ताबडतोब तिचा हातमोजा ओढून काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट, दोन्हींची टोके मेणबत्तीसारखी पांढरी झाली होती. दाबले तरी तिला कळत नव्हते.

त्या मुलाने, वय असेल बावीस-तेवीस, काय करावे? आपल्या जाकिटाची चेन उघडली, तिचे दोन्ही हात स्वतःच्या काखांत धरले, आणि तसाच तिला घेऊन उपाहारगृहात आला. आम्ही हीटरकडे धावणार तर त्याने मानेनेच 'नाही' म्हटले. दहा-पंधरा मिनिटांनी बोटांत रक्त परत आले आणि धाकटीने जो टाहो फोडला, तो ऐकून आमच्या पोटात गोळा आला. तो मात्र हसला आणि म्हणाला, "गुड! व्हेरी गुड!"

बोटे वाचली. पुढे आठवडाभर टोकांची साल निघत होती आणि पुढचे काही महिने ती दोन बोटे एसीतसुद्धा आधी गार पडत. तिथल्या दवाखान्यातल्या बाईंनी समजावून सांगितले की ही हिमदंशाच्या अलीकडची पायरी होती. कातडी वरवर गोठली होती, आतले मांस शाबूत होते. दुखणे थांबणे हे बरे होण्याचे लक्षण नसून बोट बधिर झाल्याचे लक्षण असते. आणखी तास-दीड तास गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

सिंगापूरला परत आल्यावर आम्ही दोघांनी ते हातमोजे कात्रीने उभे चिरले. घरात दोन इंजिनियर असल्याचा काहीतरी उपयोग व्हायला हवा ना! आत पाहतो तर काय, जिच्यामुळे पाणी अडायचे ती पातळ पिशवी जागोजागी चिरफाळली होती, आणि बोटांच्या टोकाशी तर तिचा भुगा झाला होता. काळे चामडे हे चामडे नव्हतेच, कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर होता. पॉलियुरेथेनच्या बऱ्याच प्रकारांना हवेतल्या दमटपणाने हळूहळू कीड लागते, म्हणजे पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्या तोडत जातात. कपाटात ठेवलेल्या बुटांचे तळ एके दिवशी केकसारखे तुटून पडतात, तो अनुभव इथे कुणाला नाही? तोच हा रोग. हातमोजे वापरल्याने झिजलेले नव्हते, न वापरता सडलेले होते. आपल्या एचडीबी घरांतला तो बॉम्ब शेल्टर, जाड भिंतींचा, पोलादी दाराचा, ज्यात आपण मखरापासून जुन्या पाठ्यपुस्तकांपर्यंत सगळे कोंबतो, तिथे हवा खेळत नाही. थंड देशातला माणूस हातमोजे दहा वर्षे वापरील, इथे त्यांचे आयुष्य वर्षांवर नाही, दमटपणावर मोजायचे.

त्यानंतर आम्ही या विषयाच्या हात धुऊन मागे लागलो.

मुळात बोटेच का गारठतात? शरीराचा हिशोब आपल्या कालव्यासारखा आहे. पाणी कमी पडले की आधी टेलएंडच्या शेतकऱ्याचे पाणी तोडतात. अंग गार पडू लागले की हृदय, मेंदू, पोट यांची ऊब राखण्यासाठी शरीर बोटांकडच्या रक्तवाहिन्या आकसून घेते. म्हणून हात गार पडले तर नुसते हातमोजे जाड करून भागत नाही. छाती-पोट उबदार हवे, डोक्यावर टोपी हवी, पोटात अन्न हवे. उपाशीपोटी, नुसत्या कॉफीवर निघालेल्या माणसाचे हात भारीतला भारी हातमोजाही गरम करू शकत नाही. हातमोजा ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो. दुधाच्या पातेल्यावर गोधडी गुंडाळली तरी आत दूध गरम असावे लागते.

आणि वारा. हवा उणे १० असेल आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ते जवळजवळ उणे २० सारखे लागते. स्कीवर हा वारा वेगळा यावा लागत नाही, आपणच वेगाने जात असतो.

पण वाऱ्याहून मोठा वैरी पाणी. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. हातमोज्यातले कापूस-लोकर काही जादू करत नाही, ते फक्त हवा अडकवून ठेवते. त्या हवेच्या जागी पाणी शिरले की संपले. म्हणून ऊब आणि जलरोध या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. ओला झालेला उबदार हातमोजा हा उबदार राहत नाही.

पाणी अडवणाऱ्या पडद्याची गोष्ट मोठी मजेची आहे. अमेरिकेत बॉब गोर नावाचे गृहस्थ १९६९ साली टेफ्लॉनच्या, म्हणजे आपल्या डोशाच्या तव्यावरच्या त्याच पदार्थाच्या, तापलेल्या कांड्या ताणून पाहत होते. हळूहळू ताणल्या की तुटत. वैतागून त्यांनी एक कांडी हिसका देऊन ओढली, तर ती लांबच लांब ताणली गेली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार झाली. यातूनच गोअर-टेक्स निघाले. एका चौरस इंचात सुमारे ९ अब्ज छिद्रे, एकेक छिद्र पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे २०,००० पट लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा सुमारे ७०० पट मोठे. त्यामुळे घामाची वाफ बाहेर जाते, बाहेरचे पाणी आत येत नाही. आता अशा पडद्यांचे पुष्कळ प्रकार निघाले आहेत, आणि त्यातल्या रसायनांचा पर्यावरणाला त्रास होतो म्हणून स्वतः गोअर कंपनीनेही २०२२ पासून पॉलिथिलीनचा नवा पडदा आणला आहे. दुकानात आपण एवढेच पाहावे की लेबलावर पडद्याचे नाव आहे का. नुसते 'वॉटर रेझिस्टंट' लिहिले असेल तर त्याचा अर्थ 'शिंतोडे चालतील' एवढाच. बर्फात गुडघ्यावर बसून दहा वेळा पडणाऱ्या मुलाला ते पुरत नाही. काहींवर १०,००० मिलिमीटर असा आकडा असतो. म्हणजे कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर ते गळू लागेल. आकडा मोठा तेवढा बरा, पण हातमोज्याला शिवणी इतक्या असतात की कापड कितीही चांगले असले तरी पाणी शिवणीतून घुसते. म्हणून पडदा आतल्या बाजूला अखंड पिशवीसारखा घातलेला असेल तोच जोड घ्यावा.

आत ऊब देणारे भरण कुठले? थिन्सुलेट, प्राइमालॉफ्ट अशी नावे आढळतील. प्राइमालॉफ्ट १९८० च्या दशकात अमेरिकन सैन्यासाठी पिसांना पर्याय म्हणून तयार झाले. पिसे हलकी आणि उबदार खरी, पण भिजली की त्यांचा लगदा होतो. कृत्रिम धागा ओला झाला तरी थोडीफार ऊब धरतो. मुलांसाठी डोळे मिटून कृत्रिमच. हाताच्या पाठीवर भरण जाड आणि तळव्याला पातळ असते, ही फसवणूक समजू नका. तळवा जाड झाला तर काठी धरताच येणार नाही.

आता खरा वादाचा मुद्दा, ज्यावरून आमच्या घरात अजून एकमत नाही: पाच बोटांचा की अंगठा वेगळा आणि चार बोटे एकत्र असा? दुसऱ्याला मिटन म्हणतात. त्यात चार बोटे एकाच खोलीत राहतात, एकमेकांना ऊब देतात, आणि बाहेरच्या गारव्याला कमी पृष्ठभाग मिळतो. एकत्र कुटुंब आणि सुटे फ्लॅट यांतला फरक! आमचे मत स्पष्ट आहे की बारा वर्षांखालच्या मुलाला मिटनच घ्यावा, त्याला बोटांनी करण्यासारखे तिथे काही नसते. थोरला मात्र "मी काय बाळ आहे का?" म्हणून पाच बोटांवर अडून बसला आणि दुपारी आईच्या मिटनमध्ये हात घालून बसलेला आढळला. असो.

माप हा भाग लोक सगळ्यात हलक्यात घेतात. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून एक माप मोठा घेणे ही आपली खास सवय, शाळेच्या गणवेशापासूनची. हातमोज्यात ती नडते. जास्तीची पोकळी गरम करताना हाताची ऊब खर्च होते, आणि घट्ट घेतला तर आधीच आखडलेल्या रक्तवाहिन्या आणखी दाबल्या जातात. अंगठा सोडून तळव्याचा घेर टेपने मोजावा. हातमोजा घालून मूठ वळावी, पाठीवर ताण पडता कामा नये. बोटे सरळ केल्यावर टोकाशी जेमतेम अर्धा सेंटिमीटर जागा राहावी. मग तो घालूनच जाकिटाची चेन लावून पाहावी. आणि एक परीक्षा, जी दुकानदाराला फारशी आवडत नाही: हात किंचित ओला करून आत घालावा आणि पटकन बाहेर काढावा. अस्तराची बोटे हाताबरोबर उलटी होऊन बाहेर आली, तर तो जोड खाली ठेवावा. डोंगरावर घामट हात बाहेर काढल्यावर ती उलटी बोटे परत आत ढकलता ढकलता मुलाचे हात गोठतात.

मनगटाला दोन पद्धती आहेत. लांब बाही जाकिटावरून येणारी, किंवा आखूड, जाकिटाच्या आत जाणारी. लहान मुलांना लांब आणि दोरीने आवळता येणारी घ्यावी, कारण ती पडतात तेव्हा बर्फ मनगटातूनच आत शिरतो. आणि मनगटाचा पट्टा! हातमोज्याला लहानशी दोरी असते ती मनगटात अडकवायची. ही दोरी म्हणजे पोरखेळ वाटतो. पण १९५० साली अन्नपूर्णा सर करून उतरताना फ्रेंच गिर्यारोहक मॉरिस हर्झोग यांनी पिशवी उघडण्यासाठी हातमोजे काढून ठेवले आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत उतारावरून घसरत गेले. पिशवीत जादा पायमोजे होते, तेच हातांत घालता आले असते, पण त्या उंचीवर सुचले नाही. त्यांनी हातांची बोटे गमावली. आमचा प्रसंग एवढा थोर नाही. आम्ही नातेवाईकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फोटो टाकण्यासाठी पाळण्यात बसून हातमोजा काढला, तो खाली देवदारांत पडला, आणि अजून तिथेच असावा.

गिर्यारोहणाचा विषय निघालाच आहे तर एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात एडविन स्यू आणि खू स्वी चियाव हे सिंगापूरच्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेचे दोघे वीरही शिखरावर उभे राहिले. आपल्या दोन्ही घरांनी एकाच वर्षी बर्फात झेंडा रोवला म्हणायचा! सह्याद्रीत बर्फ नाही आणि बुकित तिमाहची टेकडी तर जेमतेम १६४ मीटर. तेव्हा उष्ण प्रदेशातल्यांनी बर्फाच्या भानगडीत पडू नये, हे कुणी आम्हाला सांगू नये.

जून २०२३ मध्ये आम्ही न्यूझीलंडला, क्वीन्सटाउनला गेलो. इथल्या शाळांची जूनची सुट्टी आणि तिथला हिवाळा यांची गाठ पडते, म्हणून आपली बरीच मंडळी तिकडे किंवा ऑस्ट्रेलियाला जातात. आम्ही नीसेकोच्या धसक्याने सर्वांत जाड, सर्वांत गुबगुबीत हातमोजे घेऊन गेलो. आणि तिथे दुसरा धडा मिळाला. तापमान शून्याच्या आसपास, बर्फ ओलसर, एक दिवस तर पाऊस आणि बर्फ एकत्र. होक्काइदोचा बर्फ रांगोळीसारखा, झटकला की गेला. हा किसलेल्या ओल्या नारळासारखा, चिकटून बसणारा. तिथे जाडीपेक्षा पडदा महत्त्वाचा ठरला. आमच्या गुबगुबीत जोडांचे वरचे कापड दुपारपर्यंत पाणी पिऊन जड झाले. आतला पडदा शाबूत होता म्हणून हात कोरडे राहिले, पण ओल्या कापडाचा गारवा आत पोचलाच. म्हणजे आधी विचारायचे की बर्फ कोरडा की ओला, आणि मग हातमोजा निवडायचा. कोरड्या, कडक थंडीला जाड भरण. ओल्या, मवाळ थंडीला पक्का पडदा आणि वर पाणी निथळून टाकणारे कापड. तो गुण धुण्या-वापरण्याने कमी होतो, त्यासाठी फवारा मिळतो, तो जाण्याआधी मारावा. अस्सल चामडे असेल तर त्याला मेणाचे मलम चोळतात. स्वीडनची हेस्त्रा कंपनी १९३६ पासून चामड्याचे हातमोजे बनवते आहे, तिचे भाव मात्र पाहूनच हात गरम होतात. काहींना घरात कातड्याचे वावडे असते, त्यांनी मुळीच वाईट वाटून घेऊ नये, कापडी चांगले मिळतात. इथे डेकॅथलॉनसारख्या दुकानांत आणि थंडीच्या कपड्यांच्या खास दुकानांत घालून पाहता येतात. हातमोजे ऑनलाइन मागवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

न्यूझीलंडला आमची लाज राखली ती साताऱ्याच्या आजींनी. आजींनी दोन्ही नातवंडांसाठी लोकरीचे पातळ हातमोजे विणून पाठवले होते. "बर्फात जाताय म्हणे, हे घाला." नीसेकोला जाताना आम्ही ते घरीच ठेवले होते, कारण नुसत्या लोकरीला बर्फाचे गोळे चिकटतात आणि वितळून ती भिजते, हे आम्ही कुठेतरी वाचले होते. तेही खोटे नाही. पण पक्क्या पडद्याच्या हातमोज्याच्या आत आजींची लोकर म्हणजे दुग्धशर्करा योग! घाम ओढून घेते, ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, आणि बाहेरचा जोड क्षणभर काढावा लागला तरी बोटे उघडी पडत नाहीत. फक्त बाहेरचा जोड आधीच त्या हिशोबाने मापाचा घेतलेला हवा, नाहीतर पुन्हा आवळण्याचा प्रश्न. आजींना फोनवर हे सांगितले तर म्हणाल्या, "मग मी काय वेगळं म्हणत होते?"

काइरोंबद्दल बऱ्याच जणी विचारतात. जपानमध्ये कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या या ऊब देणाऱ्या पुड्या इथे डॉन डॉन डोंकीतही दिसतात. आत लोखंडाचा भुगा असतो, हवा लागली की तो गंजतो आणि गंजताना उष्णता देतो. म्हणूनच अगदी बंदिस्त हातमोज्यात ती पुडी मंदावते, मध्येच बाहेर काढून हलवावी लागते. थेट कातडीला लावून ठेवू नये, मंद आचेवरही भाजते. आम्ही ती तळव्यात न ठेवता मनगटाच्या आतल्या बाजूला, लोकरीच्या वर ठेवतो, बोटांकडे जाणारे रक्त तिथूनच जाते.

आणि कुणाची बोटे पांढरी पडलीच, तर त्या जपानी मुलाने केले तेच करावे. काखेत धरावीत, किंवा अंगाला सोसेल इतक्या कोमट पाण्यात. चोळू नये, बर्फाने तर मुळीच नाही. शेकोटी किंवा हीटरजवळ धरू नये, बधिर बोटाला भाजलेले कळत नाही. रंग आणि संवेदना परत आली नाही, फोड आले किंवा बोट कडक लागले तर थेट डॉक्टर. आणि गरम केलेले बोट त्या दिवशी पुन्हा थंडीत न्यायचे नाही, मग पाळण्याचा पास वाया गेला तरी चालेल.

आता बॅगेतला प्रत्येक जोड बाहेर जाण्याआधी आमच्याकडे त्याची परीक्षा होते. प्रत्येक बोटात कोरड्या टिश्यूचा बोळा घालायचा, बाही पाण्याच्या वर धरून पाच मिनिटे बादलीत बुडवायचा, मधून मधून दाबायचा. टिश्यू ओला निघाला की जोड बाद. पास झालेला जोड पंख्याखाली वाळवायचा, हीटर-ड्रायर काही नाही, आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकणबंद डब्यात. बॉम्ब शेल्टरमध्ये पुन्हा नाही, आमच्याकडे डबा आता बेडरूमच्या कपाटात असतो. पहिल्या परीक्षेत नऊपैकी पाच जोड नापास झाले. त्यातला एक आम्ही स्वतः अभिमानाने बॅगेत घातलेला होता.

बॅगेत एक वहीही ठेवली आहे. कोणी, कुठे, कधी नेली, कुठला जोड कसा टिकला, ते लिहायचे. धाकटी आता मोठी झाली आहे, वहीच्या पहिल्या पानावर तिनेच मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: "बोट दुखायचं थांबलं की लगेच सांगा."

सध्या बॅग पुंगोलला आहे आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती कोरियाला जाणार आहे. त्यानंतरची तारीख अजून मोकळी आहे. लहान मापाच्या लाल मिटनचा डाव्या हाताचा जोडीदार गेल्या मार्चपासून सापडत नाही. कुणाच्या घरी सोफ्यामागे असला तर कृपया मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला घेऊन यावा.